पायथन स्लो आहे, पण नेमका कुठे?

अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक तक्ता छापला. काम अगदी साधं होतं. ४०९६ ओळी आणि ४०९६ स्तंभांचे दोन मॅट्रिक्स (आकड्यांच्या चौकटी) घ्यायचे, त्यांचा गुणाकार करायचा आणि वेळ मोजायचा. पद्धत बारावीच्या पुस्तकातलीच: एकात एक असे तीन लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारे कोडचे भाग) आणि सगळ्यात आत एक गुणाकार, एक बेरीज. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हा कोड चार ओळींत बसतो. त्याला २५,५५२ सेकंद लागले, म्हणजे सात तासांहून जास्त. तोच कोड जावा या भाषेत लिहिला तर सुमारे २,३७३ सेकंद आणि सी या भाषेत ५४३.

बहुतेक लोक इथे वाचणं थांबवतात आणि ‘पायथन सीपेक्षा ४७ पट स्लो’ हे वाक्य घेऊन पुढच्या वादाला लागतात. पण तक्ता तिथे संपत नाही. सीमधलं काम मशीनच्या १८ कोअरवर, म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या प्रोसेसरच्या भागांवर, वाटल्यावर ७० सेकंद झाले. मॅट्रिक्सचे तुकडे प्रोसेसरच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीत, मावतील असे पाडल्यावर ३.८. एका सूचनेत अनेक आकडे हाताळणाऱ्या व्हेक्टर सूचना वापरल्यावर १.१. आणि त्या विशिष्ट प्रोसेसरच्या सूचना हातानं लिहिल्यावर ०.४१ सेकंद. एकूण फरक ६२ हजार पटींचा. त्यात भाषा बदलण्याचा वाटा ४७ पटींचा आणि सीमध्ये आल्यानंतरच्या मेहनतीचा सुमारे १,३०० पटींचा. नुसतं ‘आम्ही सीमध्ये लिहितो’ म्हणणाऱ्यालाही वेगाचा बराचसा हिस्सा मिळालेला नसतो, तो कमवावा लागतो.

प्रयोग जुन्या पायथन २ वर झाला होता, आजचा पायथन बराच सुधारलाय. तरी त्या तक्त्यातला एक भागाकार करून बघण्यासारखा आहे. सगळ्यात आतली ओळ ४०९६ गुणिले ४०९६ गुणिले ४०९६ म्हणजे सुमारे ६,८७१ कोटी वेळा चालते. पायथनला दर फेरीला साधारण ३७२ नॅनोसेकंद लागले, सीला साधारण ८. मग उरलेल्या वेळात पायथन करत काय होता?

एका बेरजेची हकिगत

समजा कोडमध्ये ‘अ + ब’ लिहिलंय. सीमध्ये दोन्ही पूर्णांक आहेत हे तुम्ही आधीच जाहीर केलेलं असतं. त्यामुळे कंपायलर, म्हणजे कोडचं आधीच प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, त्या जागी प्रोसेसरची बेरजेची एक सूचना ठेवतो आणि मोकळा होतो.

पायथनला आधी काहीच ठाऊक नसतं. ‘अ’ हे फक्त नाव, त्यामागे मेमरीतला एक पत्ता. त्या पत्त्यावर जायचं, तिथली वस्तू कोणत्या प्रकारची ते बघायचं. पूर्णांक असेल, दशांश असेल, अक्षरांची ओळ असेल, यादीही असेल. ‘+’ सगळ्यांना चालतो आणि प्रत्येकाच्या बाबतीत त्याचा अर्थ वेगळा. मग त्या प्रकाराचं बेरजेचं फंक्शन शोधायचं, दोन्ही वस्तूंमधले आकडे काढायचे, ते मिळवायचे, उत्तरासाठी नवी वस्तू तयार करायची आणि कुठली वस्तू किती जणांना हवी आहे त्याची नोंद वर-खाली करायची. खरी बेरीज यातला अगदी किरकोळ भाग.

मेमरीचंही तसंच. ६४-बिट मशीनवर पायथनमधला ‘१’ हा आकडा २८ बाइट घेतो. ८ बाइट ‘ही वस्तू किती ठिकाणी वापरात आहे’ याला, ८ ‘ही कोणत्या प्रकारची आहे’ याला, ८ ‘आकडा किती लांब आहे’ याला आणि उरलेले ४ बाइट खुद्द आकड्याला. एक कोटी वेगवेगळ्या पूर्णांकांची यादी केली तर आकडे २८ कोटी बाइट आणि त्यांचे पत्ते ८ कोटी, मिळून ३६ कोटी बाइट. सीमध्ये हेच काम ४ कोटी बाइटांत होतं. शिवाय सीमध्ये आकडे एकाला एक लागून असतात, पायथनमध्ये मेमरीत कुठेही पसरलेले असू शकतात. प्रोसेसरची कॅश शेजारचं एकदम उचलते, त्यामुळे पसरलेल्या आकड्यांत तिचा फारसा उपयोग होत नाही.

एवढं मोजून मिळतं काय

‘प्रोग्रामरचा वेळ वाचतो’ हे ठरलेलं उत्तर. खरं आहे, पण त्यात मिळणारी बरीच गोष्ट दिसत नाही. पायथनमध्ये २ चा १०० वा घात काढा, बरोबर उत्तर येतं, कारण पूर्णांक हवा तेवढा लांब होऊ शकतो. सीमधल्या नेहमीच्या ३२-बिट पूर्णांकाची मर्यादा २१४ कोटी ७४ लाखांच्या आसपास. २०१४ च्या डिसेंबरमध्ये ‘गंगनम स्टाइल’च्या व्हिडिओची प्रेक्षकसंख्या या आकड्यापलीकडे गेली, तेव्हा यूट्यूबला मोजणी ६४ बिटांवर न्यावी लागली होती.

मला जास्त आवडणारं उदाहरण आपल्या लिपीतलं. पायथनच्या इंट फंक्शनला "१२३" अशी देवनागरी अंकांची ओळ द्या, तो निमूटपणे १२३ हा पूर्णांक परत देतो. कुठलीही लायब्ररी (तयार कोडचा संच) लागत नाही, सेटिंग लागत नाही. सीच्या जुन्या ‘एटूआय’ फंक्शनला हेच दिलं तर शून्य मिळतं. पायथनमध्ये या सोयीसाठी अक्षरं आधी तपासून बदलून घेण्याची एक पायरी आहे आणि ओळीत फक्त इंग्रजी अंक-अक्षरं असतील तर ती गाळली जाते. बिल ज्याचं त्याच्याच नावावर, चांगली रचना आहे.

प्रत्येक सोय इतक्या नेमकेपणानं पैसे घेत नाही. ‘नमस्कार’ हा शब्द युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या प्रमाणाच्या हिशेबानं सात चिन्हांचा: न, म, स, हलन्त, क, काना, र. यूटीएफ-८ या पद्धतीनं साठवला तर २१ बाइट. पायथन २०१२ पासून, म्हणजे ३.३ या आवृत्तीपासून, अक्षरांच्या ओळीतल्या सगळ्या चिन्हांना सारखी जागा देतो: साध्या इंग्रजीला प्रत्येकी १ बाइट, देवनागरीला २, इमोजीला ४. त्यामुळे ‘नमस्कार’ १४ बाइटांत बसतो (वस्तूचं वरचं ओझं वेगळं) आणि पाचवं चिन्ह हवं असेल तर थेट तिथे जाता येतं. पण गोम अशी की एक लाख चिन्हांच्या मराठी मजकुराच्या शेवटी कुणी एक हसरा चेहरा चिकटवला तर अख्खी ओळ ४ बाइटांच्या मापात जाते, दोन लाखांचे चार लाख बाइट होतात. रस्ट या भाषेत मजकूर यूटीएफ-८ मध्येच राहतो, इमोजीचे तेवढे चार बाइट वाढतात. मात्र पाचवं चिन्ह हवं तर सुरुवातीपासून मोजत जायचं. दोन्ही निर्णय समजण्यासारखे आहेत, फक्त दोघांची किंमत वेगवेगळ्या ठिकाणी निघते.

सोयींमध्ये तपासणीही येते. यादीत दहा गोष्टी असताना अकरावी मागितली तर पायथन चूक दाखवून थांबतो, सी शेजारच्या मेमरीत जे सापडेल ते देतो. तपासणीला वेळ लागतो, म्हणून ती काढून टाकायचा मोह होतोच. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं आणि चाळीसेक सेकंदांत रॉकेट फुटलं. दिशादर्शक सॉफ्टवेअर एडा भाषेत होतं. तिथे ६४ बिटांचा एक दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबला जात होता आणि तो मावला नाही. अशा सात रूपांतरांपैकी चारांना संरक्षण दिलं होतं, तिघांना मुद्दाम दिलं नव्हतं, कारण कॉम्प्युटरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. एरियन ४ च्या मार्गावर तो आकडा कधी तेवढा मोठा व्हायचाच नाही, एरियन ५ वर झाला. हे आळसातून घडलेलं नाही. जाणत्या इंजिनिअरांनी हिशेब करून केलेली काटकसर होती ती, आणि म्हणूनच ‘तपासण्या काढल्या की वेग वाढतो’ असं कुणी सहज म्हणालं की मी सावध होतो.

थैली एकदम दिली तर

आता सात तासांच्या त्या गुणाकाराकडे परत येऊ. पायथन वापरणारा कुणीही शहाणा माणूस ते तीन लूप लिहीतच नाही. तो नमपाय ही लायब्ररी घेतो आणि गुणाकार एका ओळीत करतो. बँकेच्या काउंटरवर प्रत्येक नाण्याला वेगळी स्लिप भरायची की थैलीला एकच, एवढाच हा फरक. स्लिप भरायला लागणारा वेळ तोच, पण ६,८७१ कोटींऐवजी एकदाच. प्रकार कोणता, फंक्शन कोणतं, ही सगळी चौकशी अख्ख्या मॅट्रिक्ससाठी एकदा होते आणि पुढचं काम सी, फोर्ट्रान किंवा थेट प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेल्या कोडकडे जातं. कॅशमध्ये मावणारे तुकडे, व्हेक्टर सूचना, कोअरवर वाटणी, तक्त्यातली ती सगळी मेहनत त्या कोडमध्ये कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते.

ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी आधीच्या दोन लायब्रऱ्या एकत्र आणून नमपाय उभी केली, तिची १.० आवृत्ती २००६ ची. आज मशीन लर्निंग पायथनमध्ये चालतं असं आपण म्हणतो, ते याच अर्थानं: मजकूर पायथनचा, मजुरी दुसऱ्याची. २०१९ साली जाहीर झालेल्या कृष्णविवराच्या पहिल्या प्रतिमेमागच्या सॉफ्टवेअरमध्येही नमपाय होती.

सोय आणि वेग एकमेकांच्या विरोधात असतात हे गृहीतक इथे कोसळतं. चार ओळींची एक ओळ झाली आणि काम हजारो पटींनी लवकर झालं. पण अट आहे: काम थैलीत भरता आलं पाहिजे. नमपायचा अॅरे (आकड्यांची रांग) घेऊन त्यावर पुन्हा पायथनचा लूप फिरवणारे, एकेक आकडा बाहेर काढून तपासणारे लोक कमी नाहीत. असं केलं तर ते साध्या यादीपेक्षाही स्लो पडतं, कारण बाहेर काढलेल्या प्रत्येक आकड्यासाठी नवी वस्तू बनवावी लागते. पाच-दहा आकड्यांसाठीही नमपायचा फायदा नाही, स्लिपच भारी पडते.

हवामानाच्या क्षेत्रात ही विभागणी उघड दिसते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत पूर्वी ‘प्रत्युष’ आणि २०२४ पासून ‘अर्क’ असे महासंगणक आहेत. असल्या यंत्रांवर चालणारी जीएफएस, डब्ल्यूआरएफ यांसारखी हवामान अंदाजाची मोठी मॉडेल्स मुख्यतः फोर्ट्रानमध्ये आहेत आणि ती पायथनमध्ये लिहायला घ्यावीत असं कुणाच्या डोक्यातही येणार नाही. पण त्यातून बाहेर पडलेल्या डेटाचे नकाशे, आलेख, तुलना यांसाठी जगभर पायथन वापरला जातो. आलेख दोन सेकंद उशिरा आला तर बिघडत नाही आणि त्याचा कोड दर आठवड्याला बदलत असतो.

भाषा बदलण्याआधी

२०१७ साली पोर्तुगालच्या संशोधकांनी २७ भाषांचा वीजखर्च मोजला. सीला १ धरलं तर रस्ट १.०३, जावा सुमारे २ आणि पायथन ७५.८८. हा आकडा अधूनमधून ‘पायथनमुळे पृथ्वी तापते’ अशा थाटात फिरत असतो. मापन खोटं नाही. पण त्यातले प्रोग्रॅम म्हणजे शुद्ध आकडेमोडीचे लूप, पायथनचा सर्वांत कच्चा विषय. तुमचा प्रोग्रॅम तसा असेल तर आकडा तुम्हाला लागू.

बहुतेकांचा तसा नसतो. एखाद्या वेबसाइटवर विनंती येते, प्रोग्रॅम डेटाबेसला प्रश्न विचारतो आणि वाट बघत बसतो. समजा डेटाबेसनं ४० मिलिसेकंद घेतले आणि पायथननं ४. तोच कोड ४० पट वेगवान भाषेत लिहिला तर ४४ चे ४०.१ होतात. वापरणाऱ्याला काही कळणार नाही, तुमचे तीन महिने मात्र जातील. संगणक अभियंते जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये समांतर प्रोसेसरांच्या संदर्भात हाच हिशेब मांडला होता: कामाचा जो भाग तुम्ही सुधारत नाही, तो तुमच्या फायद्याची मर्यादा ठरवतो. तिथे डेटाबेसला योग्य इंडेक्स (शोधाची सूची) दिला तर ४० चे २ होऊ शकतात, आणि ते दुपारच्या चहाआधी.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे पद्धतच चुकीची असणं. एक लाख ग्राहकांची एक यादी, एक लाखाची दुसरी, दोन्हींत कोण आहे ते शोधायचं. पहिल्या यादीतल्या प्रत्येकासाठी दुसरी यादी वरून खाली चाळली तर तुलना १,००० कोटींपर्यंत जाऊ शकतात. दुसऱ्या यादीचा आधी सेट (न चाळता नोंद थेट सापडेल अशी रचना) करून घेतला, म्हणजे पायथनमध्ये एक शब्द वाढवला, की एकेक लाखाचे दोन टप्पे उरतात. यादी चाळणारा सीमधला प्रोग्रॅम इथे सेट वापरणाऱ्या पायथनकडून हरतो. म्हणून आधी प्रोफायलर, म्हणजे कोडच्या कोणत्या भागात किती वेळ गेला ते मोजणारं साधन, लावा. सीप्रोफाइल पायथनबरोबरच येतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. वेळ कुठे जातो याचा अंदाज अनुभवी माणसाचाही चुकतो.

प्रोफायलरनं बोट दाखवलं आणि ती जागा खरंच पायथनचा लूप असेल, तर तेवढीच उचला: नमपायमध्ये बसवा, पायथनचा लूप थेट प्रोसेसरच्या भाषेत बदलणारी नंबा लावून बघा, नाहीतर तेवढा तुकडा रस्ट किंवा सीमध्ये लिहून पायथनमधून बोलवा. अख्खा प्रोग्रॅम पुन्हा लिहिण्याचा उत्साह मी तरी शेवटपर्यंत दाबून ठेवीन.

काही ठिकाणी मात्र मोजायची वाट बघू नये, भाषा पहिल्या दिवशीच ठरते. आर्डुइनो उनो आर३ या छोट्या कंट्रोलर बोर्डवर २ केबी रॅम असते. २८ बाइटांचा एक, या दरानं पायथनचे सत्तरेक आकडे ठेवले की जागा संपली, प्रोग्रॅम ठेवायचा कुठे? तिथे सीच. दुसरी जागा म्हणजे सरासरी वेगापेक्षा एकही धक्का न बसणं जिथे महत्त्वाचं. डिस्कॉर्ड या चॅटच्या ॲपनं २०२० साली सांगितलेली गोष्ट यासाठी चांगली. कुणी कुठला संदेश वाचला याची नोंद ठेवणारी त्यांची सेवा गो भाषेत होती. गो काही स्लो भाषा नव्हे. पण ती नको असलेली मेमरी आपणहून साफ करते आणि ही सफाई निदान दर दोन मिनिटांनी होतेच. त्या वेळी लाखो नोंदी चाळल्या जायच्या आणि प्रतिसादाच्या आलेखात दर दोन मिनिटांनी एक उंच टोक दिसायचं. त्यांनी ती एक सेवा रस्टमध्ये नेली. तिथे मेमरी वापर संपताक्षणी सुटते, कोणत्या क्षणी ते कंपायलरनं आधीच ठरवलेलं असतं. आलेख सपाट झाला.

पायथनची स्वतःची खटपट

खिदो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ॲमस्टरडॅममध्ये ही भाषा लिहायला घेतली, तेव्हा एका प्रोसेसरला एकच कोअर असायचा. आज तिचं सगळ्यात अवघड दुखणं त्याच काळातलं आहे. ‘ही वस्तू किती जणांना हवी’ याची नोंद दोन थ्रेडनी, म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या धाग्यांनी, एकाच वेळी बदलली तर हिशेब बिघडतो, म्हणून सगळ्या इंटरप्रिटरला, म्हणजे पायथनचा कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, मिळून एक कुलूप आहे, त्याला जीआयएल म्हणतात. एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवू शकतो. मशीनला सोळा कोअर असले तरी शुद्ध पायथनच्या थ्रेडना एकाचाच उपयोग.

कुलूप काढायचा प्रयत्न पायथन १.५ च्या काळातच ग्रेग स्टाइन यांनी केला होता. कुलूप गेलं, पण एका थ्रेडचा साधा प्रोग्रॅम जवळजवळ निम्म्या वेगावर आला, म्हणून ते काम बासनात गेलं. दरम्यान दुसऱ्या बाजूनं प्रगती झाली. ऑक्टोबर २०२२ च्या ३.११ मध्ये इंटरप्रिटर चालता चालता शिकू लागला: एखाद्या ठिकाणच्या ‘+’ला सारखे पूर्णांकच मिळत असतील तर तिथे पूर्णांकांपुरती छोटी सूचना ठेवतो आणि दुसरं काही आलं तर मागे फिरतो. नेहमीच्या चाचण्यांत सरासरी सव्वा पट वेग मिळाला, कोडची एकही ओळ न बदलता.

कुलूप काढण्याचा सॅम ग्रॉस यांचा आराखडा २०२३ मध्ये मान्य झाला. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये बिनकुलपाचा पायथन प्रायोगिक म्हणून आला आणि तेव्हा एका थ्रेडच्या प्रोग्रॅमला सुमारे ४० टक्क्यांचा भुर्दंड बसत होता. २०२५ च्या ३.१४ मध्ये त्याला अधिकृत पाठिंबा मिळाला आणि भुर्दंड ५ ते १० टक्क्यांवर आला. नेहमीचा पायथन अजून कुलपासकटच येतो, हा प्रकार वेगळा उतरवून घ्यावा लागतो. घेतलात तर आधी आपल्या लायब्रऱ्या तपासा. ‘मी कुलपाशिवाय चालते’ असं जाहीर न केलेली एखादी सी-लायब्ररी इम्पोर्ट झाली की पायथन कुलूप पुन्हा लावतो. तसा इशारा तो छापतो, पण लॉगच्या गर्दीत तो सहज निसटतो आणि मग सोळा कोअर असूनही वेग का वाढला नाही याचा शोध सुरू होतो.